गरी, तंगूस आणि एक फग: ठाणे खाडीवर पहिल्यांदा गरवायला जाताना

"शिकारीला जायचंय, सामान कमीत कमी, जवळ कुठे जाता येईल?" ठाणे-नवी मुंबईत हा प्रश्न विचारणारे बरेच भेटतात. त्यांना पहिलं उत्तर असं की येऊरच्या डोंगराचं नाव काढू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ससा, तितर, घोरपड, रानडुक्कर यांतल्या कशाचीही हौसेखातर शिकार करणं गुन्हा आहे. त्यात येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग, त्यामुळे तिथल्या ओढ्यात गळ टाकणंही बसत नाही. बेचकी, फासे, गावठी बंदुकीच्या गोष्टी सांगणारे मामा-काका घरोघरी असतात. त्या गोष्टी ऐकायच्या आणि तिथेच सोडायच्या.

उरते ती खाडी, आणि ती काही थोडीथोडकी नाही. ठाण्यापासून मुंबई बंदरापर्यंत सुमारे २६ किलोमीटर पाणी, दोन्ही बाजूंना कांदळवन आणि भरतीबरोबर आत येणारे बोय, शिंगाळी, ढोमी, कोळंबी, चिंबोऱ्या (खेकडे). नशीब जोरावर असेल तर जिताडा. वरच्या अंगाला ही खाडी कळव्याजवळच्या चिंचोळ्या पट्ट्याने उल्हास नदीला मिळते आणि उल्हासचं पाणी घोडबंदरकडून वसईच्या खाडीत जातं. म्हणजे ठाणेकराला दोन खाड्या आहेत.

दुकानात गेलात तर रॉड, रील, चमकती प्लास्टिकची मासळी, खिशांचं जाकीट असं बरंच काही गळ्यात मारतील. पहिल्या वर्षी त्यातलं काहीही घेऊ नका. भरती चढायला लागली की मासा काठाकडेच सरकतो, कारण नुकत्याच बुडालेल्या चिखलात त्याला खायला मिळतं. दहा-पंधरा हातांवरचा मासा पकडायला साठ मीटर फेकणारा रॉड काय कामाचा? हातातला दोरा पुरतो. उलट दोरा थेट बोटावर असला की खाली काय चाललंय ते चटकन कळतं. नवशिक्याला सगळ्यात आधी तेच शिकायचं असतं.

आधी पाणी, मग सामान

सकाळी उठलो, पिशवी उचलली आणि निघालो असं खाडीवर चालत नाही. ओहोटीला गेलात तर समोर नुसता चिखल. म्हणून पहिली पायरी घरी बसूनच करायची: भरतीची वेळ काढायची.

मोबाईलवर वेळापत्रकं मिळतात, पण कोळीवाड्यातला जुना हिशोब येत असलेला बरा. तिथीला ३ ने गुणायचं आणि ४ ने भागायचं, भरती किती वाजता पूर्ण होणार ते मिळतं. चतुर्थीला ३ वाजता. पंचमीला पावणेचारला. अष्टमीला ६ वाजता. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशोब तोच, आणि दिवसा एकदा व रात्री एकदा अशा दोन्ही भरत्यांना तो साधारण लागू पडतो. मधल्या काळात ओहोटी. आकडा मुंबईच्या किनाऱ्याचा आहे, त्यामुळे खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा पोहोचतं हे धरून चला. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे होणारच, पंचांग काही घड्याळ लावून बसलेलं नसतं.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग यांची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि ओढ एवढी की शिसं एका जागी ठरत नाही. अष्टमीच्या आगेमागे भांग. तेव्हा चढ-उतार कमी, ओढ मंद, पाणी त्यामानाने नितळ. नवीन माणसाने षष्ठी ते नवमी यांतला दिवस धरावा. यात आणखी एक सोय आहे: अष्टमीची भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. नोकरी सांभाळून गरवायला जाणाऱ्याला यापेक्षा चांगली वेळ सापडणार नाही.

गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, टाकायची ती भरती पूर्ण होण्याच्या दोन-अडीच तास आधीपासून. पाणी भरून स्थिर झालं की मासा मंदावतो. परत वळायला लागलं की पुन्हा थोडा वेळ खातो, आणि मग आपण उठायचं.

पिशवीत काय हवं

तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकपदरी दोरा, ०.४० ते ०.५० मिलिमीटर जाडीचा, पन्नास मीटर. तो पाण्याच्या रिकाम्या लिटरच्या बाटलीवर गुंडाळायचा. बाटली एका हातात धरली की दोरा सुटताना गुंतत नाही आणि पाण्यात पडली तरी तरंगते. गऱ्या दोन मापांच्या: बोयसाठी बारीक, १० किंवा १२ नंबर, आणि शिंगाळी-ढोमीसाठी ४ किंवा ६ नंबर. गरीच्या नंबरांचा हिशोब उलटा असतो, नंबर मोठा तितकी गरी लहान. शिशाच्या गोळ्या पाच-सहा, दोन फिरक्या (दोऱ्याला पीळ बसू न देणाऱ्या फिरत्या कड्या). एक पक्कड. जुनं गोणपाट. लहान सुरी. झाकणाची बादली. पाण्याची बाटली, मोबाईलसाठी प्लास्टिकची पिशवी, रात्री थांबणार असाल तर डोक्यावरची टॉर्च. पायात बंद बूट, स्लीपर नाही. कालवांच्या शिंपल्यांच्या कडा ब्लेडपेक्षा धारदार असतात आणि खाडीच्या पाण्यात झालेली जखम लवकर चिघळते.

जोडणी अशी. तंगूसाच्या टोकाला फिरकी, फिरकीच्या वर सरकतं शिसं, फिरकीच्या खाली हातभर बारीक तंगूस आणि त्याच्या टोकाला गरी. शिसं सरकतं ठेवायचं कारण मासा आमिष तोंडात घेऊन हलतो तेव्हा त्याला वजन जाणवू नये.

गाठ एकच शिका, पण नीट शिका. गरीच्या भोकातून दोरा ओवा, मोकळं टोक मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेळा पिळा, मग ते टोक भोकालगत तयार झालेल्या छोट्या फाशातून बाहेर काढा. ओढण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. कोरडी ओढली की नायलॉन घासून तापतो आणि नेमका तिथेच तुटतो. वळसे एकावर एक न चढता शेजारी शेजारी बसले पाहिजेत. नखाने सारखे करत हळू आवळा, उरलेलं टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा. घरी टीव्ही बघता बघता वीसेक गाठी मारून बघा. काठावर वाऱ्यात आणि चिकट हातांनी शिकायची ही गोष्ट नाही.

आमिष

शिंगाळी आणि ढोमीला कोळंबी. बाजारात मिळते ती बारीक करंदी पुरते, सोलायची नाही, शेपटीकडून गरीवर चढवायची आणि गरीचं टोक जेमतेम बाहेर ठेवायचं. बोंबलाचे तुकडेही चालतात, फक्त ते मऊ असल्याने लवकर गळतात.

बोयचं तोंड लहान आणि खाणं शेवाळ-गाळाचं. त्याला कणकेची गोळी लावा. कणीक घट्ट मळा, त्यात सुक्या जवळ्याची पूड आणि चिमूटभर हळद घाला. वाटाण्याएवढी गोळी, बारीक गरी, शिसं जवळजवळ नाहीच. बोय चावत नाही, चोखतो, त्यामुळे दोऱ्याची नुसती थरथर जाणवते. इथे घाई करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

जिताड्यासाठी जिवंत कोळंबी लागते आणि गरीही मोठी. पहिल्या फेऱ्यांत त्याच्या नादी लागू नका. पनवेल-उरणकडचे आगरी लोक जिताड्याबद्दल जे बोलतात ते ऐकून सगळ्यांना तोच हवा असतो, पण तो ज्याला हवा असतो त्याला मिळत नाही, असा अनुभव आहे.

कुठे बसायचं

हे कोळीवाड्याचं पाणी आहे, एवढं डोक्यात ठेवून जागा शोधा. नवी मुंबईत दिवाळे, सारसोळे, बेलापूरचं रेतीबंदर. ठाण्याच्या बाजूला उल्हासच्या काठाने कोलशेत, गायमुख, नागला बंदर. धक्का किंवा दगडी बांध असलेली जागा घ्या. चिखलात उतरून गरवायचं नाहीच.

ऐरोली पूल ते वाशी पूल या दरम्यान मुंबईच्या बाजूचं कांदळवन आणि त्याला लागून असलेलं पाणी हे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. २०१५ मध्ये ते जाहीर झालं आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं. हौशी माणसाने त्या हद्दीत गरी टाकायची नाही. कुठेही बसलात तरी कांदळवनाची फांदी तोडायची नाही, शेकोटीसाठी तर नाहीच, तोही गुन्हा आहे. तुटलेला तंगूस मात्र एक वीत असला तरी उचलून घरी न्या. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत इथे हजारो रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, चिखलात चोच घालून फिरत असतात. नायलॉन त्यांच्या पायात अडकला की सुटत नाही.

धक्क्यावर पोचलात की पिशवी उघडण्याआधी तिथे जाळं विणत बसलेल्या माणसाला विचारा.

"काका, इथे बसून गरवलं तर चालेल का? तुमची जाळी कुठवर आहेत?"

"बस ना बाला. पन त्या खुट्याचे पल्याड टाकू नको, तिकरं डोल हाय."

एवढ्या दोन वाक्यांनी अर्धी कामं होतात. डोल म्हणजे प्रवाहात खुंट्यांना बांधलेलं लांब पिशवीचं जाळं. त्यात तुमची गरी अडकली तर नुकसान त्यांचं. होडीच्या दोराला काही बांधू नका, वाळत घातलेल्या जाळ्यावरून चालू नका, आणि कोणी मावशी टोपली घेऊन उतरत असेल तर आधी वाट द्या. पुढच्या वेळी तेच लोक "आज इथे नको, तिकडे बस" असं आपणहून सांगतील. ती माहिती कुठल्या दुकानात मिळत नाही.

गरी टाकणं आणि थांबणं

बाटली डाव्या हातात, तोंड पाण्याकडे. उजव्या हाताने शिशाच्या वर दोन फूट दोरा धरा, हळू झोका द्या आणि सोडा. डोक्यावरून गरगर फिरवून फेकायचं नाही, मागे पोरं उभी असतात. शिसं तळाला टेकलं की दोऱ्याचा ढिलेपणा काढा आणि तो तर्जनीवर ठेवा.

आता बोटाकडे लक्ष. खेकडा आमिष कुरतडत असेल तर बारीक, एकसारखे टोचे येतात. शिंगाळी आधी एक-दोन ठोके देते आणि मग सरळ ओढत नेते. ढोमीचे झटके पटापट. पहिल्या ठोक्याला हिसका दिलात तर आमिष जातं, मासा राहतो. ओढ सलग जाणवली की मनगटाने आखूड झटका द्या, पुरे. मग न थांबता, न घाई करता हात-हात ओढून घ्या. ढील पडली की गरी सुटते. मोठा मासा असेल तर ओढू द्या त्याला, दोरा बोटाभोवती मात्र कधीही गुंडाळायचा नाही. तंगूस कातडी कापून आत जातो.

वीस-पंचवीस मिनिटांत काहीच नाही झालं तर गरी वर काढून आमिष बघा. तेही शाबूत असेल तर पाच-सात पावलं सरका. खाडीचा तळ सपाट नसतो. ओहोटीला एकदा नुसतं बघायला या आणि पाणी कुठल्या चरांतून उतरतं ते लक्षात ठेवा. भरतीत मासा त्याच चरांनी आत येतो. कॅमेऱ्यात फोटो काढून ठेवलात तर आणखी चांगलं. हातातल्या कुठल्याही सामानापेक्षा ही एक फेरी जास्त उपयोगाची आहे, आणि जवळजवळ कोणीच ती करत नाही.

शिंगाळी हाताळताना

हा भाग सावकाश वाचा. ठाणे खाडीत नवशिक्याच्या गरीला पहिली लागते ती बहुधा शिंगाळीच, आणि तिच्या अंगावर तीन काटे असतात: एक पाठीवर, दोन बाजूच्या परांना. काट्यांना करवतीचे दात आहेत आणि विषही. मासा धडपडताना ते ताठ उभे राहतात आणि तसेच अडकतात.

धक्क्यावर आल्याबरोबर तिच्यावर गोणपाट टाका. गोणपाटावरून काठीने डोकं दाबा. गरी हाताने नाही, पकडीने काढा. उचलायची वेळ आलीच तर पोटाकडून, बाजूच्या दोन काट्यांच्या मागे बोटं घालून. पाय लावून अडवायला जाऊ नका, काटा बुटातून आत जातो.

लागलाच तर जखम स्वच्छ धुवा आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. उष्णतेने विषाचा जोर कमी होतो. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. धक्क्याजवळच्या चहावाल्याकडून पाणी मिळतं. मग धनुर्वाताचं इंजेक्शन. काटा आत मोडला असेल किंवा सूज वर चढत असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवून थेट दवाखाना.

फग आणि चिंबोरी

गरी टाकून बसल्या बसल्या दुसऱ्या हाताने करायचं काम म्हणजे फग. लोखंडी सळीचं दीडेक फुटाचं कडं, त्याला आतून सैल जाळं, तीन-चार दोऱ्या वर एकत्र आणून बांधलेल्या आणि त्यांना लांब दोर. मधोमध आमिष घट्ट बांधायचं: माशाची डोकी किंवा कोंबडीची आतडी. वास जितका उग्र तितकं बरं. बसमधून येणार असाल तर दोन पिशव्यांत बांधा.

फग चराच्या काठाला, दगडांच्या सांदीजवळ सोडा. पंधरा-वीस मिनिटांनी वर घ्या. सुरुवातीचा हिसका जोरात, मग एका दमात सरळ वर. मध्ये थांबलात की चिंबोरी कडं ओलांडून निघून जाते. कोळीवाड्यात सांगतात की अवसेची चिंबोरी भरलेली आणि पुनवेची पोकळ. खरं-खोटं खाऊन ठरवा. हातात घेतल्यावर मात्र वजन बघा, आकाराच्या मानाने हलकी लागली तर ती नुकतीच कवच टाकलेली, मांस नसलेली. सोडून द्या.

बांधायची पद्धत समोर बसून बघावी अशी आहे, तरी सांगतो. चिंबोरी फगातच असताना जाड काठीने पाठीवर हलका दाब द्या म्हणजे ती दोन्ही नांग्या अंगाशी घेते. मागच्या बाजूने, शेवटच्या चपट्या पायांच्या मुळाशी अंगठा वर आणि बोटं खाली अशी पकड घ्या. तिथे नांगी पोचत नाही. सुतळीचा मध्य नांग्यांच्या पुढून घ्या, दोन्ही टोकं नांगी आणि अंग यांच्या फटीतून खाली घालून पोटाखाली एकमेकांना ओलांडू द्या, मग मागे आणून पाठीवर गाठ मारा. आवळताना नांग्या दुमडलेल्याच राहिल्या पाहिजेत. एक नांगी सुटली तर सुतळी सोडा, चिंबोरी सोडा, बोट वाचवा.

पोटावरची झडप रुंद, गोल असेल तर मादी, निमुळती त्रिकोणी असेल तर नर. अंडी लगडलेली मादी पाण्यात परत. तळहाताहून लहान असेल ती कोणतीही परत. घरी नेताना ओल्या गोणपाटात जिवंत न्या आणि जिवंतच शिजवायला घ्या. मेलेली चिंबोरी खायची नाही, कितीही मोठी असली तरी.

काही गोष्टी झटपट

चिखलात पाय रुतला तर उपसायचा प्रयत्न करू नका. मागे बसा, आडवे व्हा, वजन पसरवा आणि एकेक पाय हलवत सोडवा. कांदळवनाच्या कडेला कोल्हे फिरतात, ते काही करत नाहीत, पण आतडी-डोकी तिथे टाकून त्यांना सवय लावू नका. पावसाळ्यात वीज कडाडली की धक्का सोडा. घरी कोणालातरी जागा आणि परतीची वेळ सांगून निघा.

१ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक नौकांची मासेमारी बंदी काठावरून गरवणाऱ्याला लागू नाही, पण अंडी घालायचा हंगाम हाच असतो. पहिल्या पावसात शेतात आणि ओढ्यात चढणारे वलगणीचे मासे टोपलीने भरून आणायची जुनी रीत अजून गावागावांत आहे. मला ती पटत नाही. अंड्यांनी भरलेला मासा नेला की पुढच्या वर्षी काय चढणार?

खायचं का?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं आणि दोन्ही शहरांच्या नाल्यांचं पाणी वर्षानुवर्षं या खाडीत येतंय आणि तिच्या गाळात जड धातू आहेत. म्हणून नियम साधा ठेवा. नाल्याच्या तोंडाशी, कंपनीच्या पाइपाजवळ किंवा पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो तिथे पकडलेलं सोडून द्या. वाशी पुलाच्या वर, आतल्या खाडीतलं मी खात नाही. खाली बेलापूर-उरणकडचं कधीमधी खातो, तेही मुलांना आणि गरोदर बाईला नाही. डोकं आणि आतडी काढून टाकायची.

ठेवायचा मासा बादलीत तडफडत ठेवू नका. डोळ्यांच्या जरा मागे, डोक्यावर काठीचा एक नेमका फटका, मग कल्ल्याखाली सुरीने काप देऊन रक्त वाहू द्या आणि बर्फात. सोडायचा असेल तर हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गरी खोल गिळली असेल तर उचकटत बसू नका, तंगूस तोंडालगत कापा आणि पाण्यात सोडा.

घरी आल्यावर तंगूस, गऱ्या, पक्कड, फग सगळं गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. खाऱ्या पाण्यात गेलेली गरी न धुता ठेवली तर आठवड्यात गंजते. तंगूसाचा टोकाकडचा मीटरभर भाग बोटांत धरून फिरवून बघा, खरखरीत लागला तर कापून टाका. भांगाची पुढची अष्टमी पंधरवड्यावर असते, तोवर जवळ्याची पूड करून ठेवा.